आईवरचा राग

पाण्याने भरलेला स्टीलचा जग काकांच्या कानाला चाटून गेला आणि मागच्या भिंतीवर असा काही आदळला, की शेजारच्या घरातली बोलणीसुद्धा क्षणभर थांबली. जग गडगडत पलंगाखाली गेला, भिंतीवरून पाण्याचे ओघळ खाली उतरले, आणि नऊ वर्षांची मुंगी हातातला घास हातातच धरून गुपचूप टेबलाखाली शिरली. रडली नाही, ओरडली नाही. तिला आता सवयच झाली होती… ताईचा आवाज चढला, की आपण टेबलाखाली जायचं!

"जेव म्हणतोस मला? तू?" थोरली ताडकन उभी राहिली होती. डोळे कोरडे ठक्क, नाकपुड्या फुललेल्या, हाताच्या मुठी वळलेल्या. "माझ्या आईला मारलंस आणि वर मला जेवू घालायला निघालास? तू माझा कोण लागतोस रे?"

"बाळा, सकाळपासून तुझ्या पोटात अन्नाचा कण नाही…"

"बाळा म्हणू नकोस मला!"

आणि पाठोपाठ ताटही उडालं. भाताची शितं काकांच्या शर्टावर, केसांत, चष्म्यावर. आतल्या खोलीचं दार धाडकन लागलं. मग आतून धप्… धप्… असा आवाज येत राहिला. ती भिंतीवर मुठी आपटत होती. रोजच आपटायची.

काकांनी कानाला हात लावला. बोटं ओली झाली. मुंगीला दिसू नये म्हणून त्यांनी ते रक्त पटकन पँटला पुसलं आणि जमिनीवर बसून एकेक शीत वेचायला लागले. टेबलाखालून मुंगीचा चिमुकला हात पुढे आला. तीही वेचू लागली.

"काका," ती कुजबुजली, "सांगून टाका ना तिला."

"श्श! आपलं काय ठरलंय?"

मुंगीने मान खाली घातली. ठरलं होतं खरं! पण नऊ वर्षांच्या जिवाने किती दिवस किती ओझं वाहायचं, याचा विचार त्या भल्या माणसाने केलाच नव्हता.

काका मोटारींचे पोचे काढायचे. घराच्या खालीच त्यांचं गॅरेज होतं. ठोकरलेली, चेपलेली, बोचकारलेली गाडी यायची आणि काका पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरून पुढून हातोडीचे हलके हलके ठोके देत बसायचे. घाई नाही, आदळआपट नाही. गल्लीतली पोरंटोरं, गिऱ्हाइकं, दुकानदार, सगळेच त्यांना काका म्हणत. या दोघींची आई गाडी चालवायला शिकवायची. तिच्या त्या लहानशा लाल गाडीला दोन-दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक तिच्या. तरीही तिचे विद्यार्थी आठवड्याला एक तरी खांब गाठायचेच. "काका, आज पुन्हा आणलंय हो तुमचं पोट भरायला!" असं म्हणत ती गाडीतून उतरायची. अशा पोच्यापोच्यांतून ओळख वाढली. मुलींचा जन्मदाता मुंगी पोटात असतानाच जो घरातून गेला, तो पुन्हा फिरकला नव्हता. चाळिशी उलटेपर्यंत एकटे राहिलेल्या काकांच्या घरात एके दिवशी एक बायको आणि दोन मुली आल्या, आणि त्या मुक्या घराला कंठ फुटला!

थोरली तेव्हाही तिखटच होती. पण काकांशी गोड वागायची. ती पोहायची. आई तिला मासोळी म्हणायची. भल्या सकाळी तलावावर पोचवायला काका, परत आणायला काका, घड्याळ लावून काठावर उभे राहायलाही काका. "अहो काका, तुमचं बटण दाबायला उशीर होतो हो, माझा वेळ वाढतो!" असं ती ओरडायची आणि काका कान पकडायचे.

मग आईच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. यकृतात गाठ निघाली, आणि तीही पसरलेली. त्याच सुमारास थोरलीची निवड लांबच्या शहरातल्या सराव शिबिरासाठी झाली होती. त्या शिबिरातूनच मोठ्या स्पर्धेचा संघ निवडणार होते.

"तिला यातलं काही कळता कामा नये," बायको म्हणाली होती. "डॉक्टर म्हणालेत ना, अजून वर्ष-सहा महिने हातात आहेत? मग तिचं शिबिर होऊ दे. आली की मी स्वतः सांगेन."

"अगं, ती काय कुकुलं बाळ आहे का? सोळा वर्षांची घोडी झाली आहे. तिला राग येईल आपला."

"येऊ दे. पण तिचं पोहणं सुटता कामा नये. माझी शपथ आहे! तिला कळवलंस, तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

काकांनी शपथ पाळली. आणि शपथ पाळूनसुद्धा मेलेलं तोंड बघणं काही चुकलं नाही! वर्ष नाही, सहा महिने नाही… अवघ्या काही आठवड्यांत होत्याचं नव्हतं झालं.

ती शपथ घातली गेली तेव्हा मुंगी दाराआड उभी होती. काकांनी नंतर तिला जवळ घेऊन समजावलं होतं, "हे ताईला कधी सांगायचं नाही हं. तिला वाटेल, आईनेच आपल्याला फसवलं. तिने माझा राग केला तर चालेल, पण आईचा राग करायला नको. आई आता भांडायलाही नाही गं आपल्यात."

असा तो हिशेब होता. वेडा, भाबडा, पण अंतःकरणाच्या गाभ्यातून आलेला! गेलेल्या बायकोची मूर्ती निष्कलंक राहावी म्हणून त्या माणसाने स्वतःला दगड खायला उभं केलं होतं.

आणि दगड तर येतच होते. शेवटचा निरोप द्यायला माणसं जमली होती, तेव्हा मुलींच्या आजीने, म्हणजे बायकोच्या आईने, सगळ्यांच्या देखत काकांच्या श्रीमुखात भडकावली होती. "माझ्या लेकीचं दुखणं माझ्यापासूनही लपवलंत! शेवटच्या आठवड्यात मला बोलावता? आणि शेवटच्या घटकेला तुम्ही कुठे? नवरा म्हणवता स्वतःला?" काका गालावर हात न ठेवता तसेच उभे राहिले. थोरली ते बघत होती. त्या थपडेने जणू तिला वाट दाखवली… हा माणूस मारण्यासाठीच आहे!

शाळेत तिने एका मुलीचा दात पाडला. ती बिचारी एवढंच म्हणाली होती, "तुझी आई आता देवाघरी सुखात असेल." त्यावर हिने तिचं डोकं धरून बाकावर आपटलं. वर्गशिक्षिकांनी काकांना बोलावून घेतलं. काका माफी मागत राहिले. बाई मात्र बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या.

"मला एक सांगा, हिला रडताना पाहिलंय का हो कुणी?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. नव्हतं पाहिलं.

"आणि घरात आईविषयी बोलता तुम्ही?"

"नाही… म्हणजे, तिला त्रास होईल म्हणून टाळतो. फोटोही आत ठेवलेत."

"तिला त्रास होईल, की तुम्हाला?" बाई हळूच म्हणाल्या. "मुलांना दुःख पेलतं हो. न पेलणारी गोष्ट असते ती आपली चुप्पी. मग ती मुलं स्वतःच काहीतरी रचतात मनात, आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं."

काकांना ते बोलणं कळलं आणि नाहीही कळलं. ते घरी आले आणि पुन्हा गप्प बसले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी थोरली गॅरेजमध्ये आली. एका गिऱ्हाइकाची गाडी रंग वाळवायला उभी होती. तिने कोपऱ्यातला टॉमी, चाकं खोलायचा लोखंडी दांडा, उचलला आणि पुढच्या काचेवर घातला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा! काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली आणि मग खळ्ळकन आत कोसळली. गिऱ्हाईक नेमकं दारात उभं होतं. त्याने धावत येऊन तिचा दंड पकडला, हात उगारला. काका मध्ये घुसले आणि तो तडाखा त्यांच्या तोंडावर बसला. ओठ फुटला.

"माझ्या हातून झालं, साहेब. हत्यार निसटलं," फुटक्या ओठांनी ते म्हणाले. "पोरीचा काही संबंध नाही. काच मी बसवून देतो."

गिऱ्हाईक शिव्या घालत गेलं. थोरलीने काकांकडे बघितलं. त्या नजरेत कृतज्ञता नव्हती, उलट अधिकच जाळ होता.

"कशाला वाचवलंस? चांगला दिसायचंय लोकांना?" ती थुंकल्यासारखी बोलली. "मला माहितीय तू कसा आहेस. मला शिबिरातून घेऊन निघाल्यावर अर्ध्या रस्त्यात पेट्रोल पंपावर तुला फोन आला. आई गेल्याचा! आणि तू परत गाडीत येऊन बसलास, पट्टा लावलास आणि गाडी चालवत राहिलास! मी मागे बसून बडबडत होते. माझी वेळ कशी कमी झाली, संघात कोण कोण आलं… आईला सांगायचं म्हणून पाठ करत होते मी! आणि तुला माहीत होतं! तुला सगळं माहीत होतं!!"

हे मात्र खरं होतं. याला कुणाची शपथ नव्हती. हा भ्याडपणा त्यांचा स्वतःचा होता. त्या दिवशी आरशात तिचा हसरा चेहरा दिसत होता, ओले केस दिसत होते, आणि त्यांना वाटलं होतं… अजून थोडा वेळ… अजून एवढं वळण होऊ दे… तेवढंच तिचं सुख! वळणं संपली, घर आलं, आणि घरापुढे माणसं उभी होती.

आजीला काचेची बातमी पोचली. तिचा फोन आला. "रविवारी येते. दोन्ही पोरींना घेऊन जाणार आहे. तुमच्याजवळ त्या वेड्या होतील. रक्ताचं नातं नाही ते नाहीच!"

काकांनी विरोध केला नाही. मुलींच्या बॅगा बाहेर काढल्या. शनिवारभर ते त्यांचे कपडे इस्त्री करत बसले.

रविवारी सकाळी, बॅगा भरता भरता, मुंगीने आईचं कपाट उघडलं. आईचा निळा स्वेटर तिने अंगात घातला. बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या. ती तशीच नाक स्वेटरात खुपसून कपाटाच्या तळाशी बसून राहिली. थोरली आत आली आणि तिने ते पाहिलं.

"काढ तो! काढ आधी! तुझा वास लागेल त्याला!"

"माझी पण आई आहे ती!"

"काढ म्हणते ना!" थोरलीने बाही धरून हिसडा दिला. मुंगी स्वेटरासकट ओढली गेली. तिने ताईच्या हाताला कडकडून चावा घेतला. थोरलीच्या तोंडून किंकाळी फुटली आणि तिने मुंगीला दोन्ही हातांनी जोरात ढकललं. लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यावर ते लहानसं डोकं आदळलं. ठण्ण असा आवाज झाला… आणि निळ्या लोकरीवर लाल धार उतरू लागली.

काका धावत आले. मुंगीने जखमेवर हात ठेवला, हाताकडे बघितलं, आणि मग इतक्या दिवसांत कधी ओरडली नव्हती अशी ती ओरडली, "तुला काही माहीत नाही! आईनेच सांगितलं होतं तुला सांगायचं नाही म्हणून! काकांना शपथ घातली होती! मी ऐकलंय! मी होते तिथे!"

थोरली काकांकडे वळली. "काय बोलतेय ही?"

आणि काका, जखमेवर रुमाल दाबत, सवयीने, नेहमीसारखे म्हणाले, "काही नाही गं. लहान आहे ती. काहीतरीच बोलते."

हे शब्द तोंडातून निघाले आणि काकांनी मुंगीचा चेहरा बघितला. डोक्यातून रक्त वाहत असताना ते लेकरू त्यांच्याकडे बघत होतं. त्या डोळ्यांत दुखण्याचं पाणी नव्हतं. त्या डोळ्यांत, ज्या एका माणसावर विश्वास होता त्यानेच आपल्याला खोटं पाडल्याचं आश्चर्य होतं! मेलेल्या माणसाचा आब राखायला आपण जिवंत लेकराला लबाड ठरवतो आहोत… हे कसलं प्रेम? हा कसला त्याग? एका पोरीला द्वेष शिकवला, दुसरीला मुकं केलं, आणि स्वतःला मोठा समजत बसलो!

"नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "मुंगी खरं बोलते आहे. खोटं मी बोललो."

"काका!"

"तुझ्या आईनेच मला शपथ घातली होती. तुझं शिबिर होईपर्यंत तुला कळवायचं नाही म्हणून. तिला वाटलं, वेळ आहे. मलाही वाटलं. नव्हता गं वेळ… शेवटच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, माझं चुकलं, आण तिला. मी तसाच निघालो."

"खोटं!" थोरली किंचाळली. "तू खोटारडा आहेस! आई असं करणार नाही! माझी आई मला असं… असं न सांगता…!"

आणि ती जिन्याकडे धावली. मुंगीला कडेवर घेऊन, एका हाताने रुमाल दाबत, काका मागोमाग उतरले.

खाली गॅरेजच्या कोपऱ्यात आईची लाल गाडी उभी होती. दर रविवारी थोरली ती स्वतः धुवायची. कुणाला, काकांनासुद्धा, हात लावू द्यायची नाही. आज तिने काकांच्या हत्यारांतली सगळ्यात जड हातोडी उचलली आणि त्या लाल बॉनेटवर दाणकन घातली. पत्रा खोल गेला. दुसरा घाव दिव्यावर. काचेचे तुकडे तिच्या पावलांवर सांडले. तिसरा, चौथा… आरसा मोडून लोंबकळला, दार चेपलं, रंगाचे पापुद्रे उडाले. ती हुंकारत होती, दातओठ खात होती. प्रत्येक घावाबरोबर तिच्या घशातून एक आवाज निघत होता, तो माणसाचा वाटत नव्हता.

काकांनी मुंगीला बाकावर बसवलं, रुमाल तिच्याच हातांनी दाबून धरायला लावला आणि पुढे झाले. काच तिच्या डोळ्यांत जाईल या भीतीने त्यांनी तिचा दंड धरायला हात पुढे केला… आणि त्याच क्षणी हातोडी खाली आली.

कडकन आवाज झाला. यावेळी तो पत्र्याचा नव्हता.

काकांचा उजवा हात बॉनेटवर होता. बोटं भलत्याच दिशेला वळली होती. त्यांनी दुसऱ्या हाताने गाडीचा आधार घेतला. चेहरा पांढराफटक पडला, पण ओरडले नाहीत.

थोरली हातोडी हातात घट्ट धरूनच थिजली होती.

"मासोळी," काकांनी धाप टाकत आईने ठेवलेलं नाव वापरलं. इतक्या दिवसांत त्या नावाने घरात कुणी हाक मारली नव्हती. "मला सांग… खरं सांग… तू कुणाला मारते आहेस?"

"तु… तुला…"

"ही गाडी माझी नाही गं."

हातोडी हातातून सुटून खाली पडली. तिने त्या चेपलेल्या लाल पत्र्याकडे बघितलं आणि मग जे आतमध्ये इतके दिवस भिंतींवर डोकं आपटत होतं, ते बाहेर पडलं.

"तिला! आईला! तिने मला का नाही सांगितलं काका? मी पोहणं सोडलं असतं ना! मला नको होतं ते शिबिर! मी तिच्या पायाशी बसले असते! तिने मला परकं केलं… मला तिचा राग येतो… इतका राग येतो की… आणि ती मेलीय! मेलेल्या आईचा राग येतो मला! मी किती वाईट मुलगी आहे!"

"नाही बाळा, वाईट नाहीस. मलाही येतो तिचा राग."

थोरलीने वर बघितलं.

"रोज येतो," काका म्हणाले, आणि बोलताना त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. "मला अडकवून गेली ती. शपथ घालून मोकळी झाली. इथे पत्रा ठोकताना मी मनातल्या मनात तिच्याशी कचाकचा भांडतो. राग आला म्हणून प्रेम आटतं का? जिच्यावर जीव, तिच्यावरच राग. आणि एक… परतीच्या रस्त्यावर मी गप्प बसलो, त्याला तिची शपथ नव्हती. तो गुन्हा माझा. धीर झाला नाही मला. त्यासाठी मला हवं ते बोल."

तिथेच काचांच्या ढिगात ती खाली बसली आणि रडायला लागली. तोंड वासून, हेल काढून, लहान मुलासारखी! मुंगी बाकावरून उतरली, लोंबत्या बाह्या सावरत आली आणि ताईच्या पाठीला बिलगली. रक्ताने माखलेली ती तिघं तशीच बसून राहिली.

शेजाऱ्याने दवाखान्यात पोचवलं. मुंगीच्या डोक्याला टाके पडले, काकांच्या हाताला प्लास्टर. तीन बोटं मोडली होती. तरुण डॉक्टरीणबाई आधी मुलीच्या टाक्यांकडे, मग थोरलीच्या सोललेल्या मुठींकडे आणि कापलेल्या पावलांकडे बघत होत्या.

"कसं झालं हे?"

"छोटी घसरली," काका म्हणाले. "माझ्या हातावर गाडी सरकली."

"आणि हिच्या मुठी?" बाईंचा आवाज थंड झाला. "तुम्ही मुलींचे वडील?"

"सावत्र."

"अस्सं! मला पोलिसांना कळवावं लागेल."

काकांनी मान डोलावली. कळवा, असंच जणू त्यांना म्हणायचं होतं. सोळा वर्षांच्या पोरीच्या नावाने चौकशी लागण्यापेक्षा आपल्याच नावाने लागलेली बरी! नेमकी त्याच वेळी, घराला कुलूप बघून आणि शेजाऱ्यांकडून ऐकून, आजी धापा टाकत आत शिरली. मुंगीचं बांधलेलं डोकं बघितलं मात्र, तिने हातातली पिशवी काकांच्या अंगावर फेकली.

"मारलंत ना? शेवटी गेलातच ना पोरींच्या अंगावर! मला माहीतच होतं! बाई, लिहून घ्या, हा माणूस…"

"मी मारलं, आजी."

थोरली पुढे आली होती. तिचा चेहरा रडून सुजला होता, पण आवाज स्थिर होता.

"मुंगीला मी ढकललं. काकांचा हात मी मोडला. कानामागची खूण बघा, तीही माझीच. यांनी आजवर माझ्या अंगाला बोट लावलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन थांबलं. आजी आ वासून उभी राहिली.

"तू गप्प बस. हा तुला पढवतोय! शेवटच्या घटकेला बायकोपाशी जो नव्हता…"

"तेव्हा ते कुठे होते, आजी?"

"कुठे म्हणजे? तुला आणायला…" आजी म्हणाली आणि अडखळली.

"मला आणायला," थोरली हळूहळू म्हणाली. जणू हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होती. तिने काकांकडे मान वळवली. "तुम्हाला माहीत होतं… मला आणायला निघालात तर आई तुम्हाला पुन्हा भेटणार नाही, हे माहीत होतं तुम्हाला?"

काका जमिनीकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "वाटलं होतं. पण ती म्हणाली, आण तिला. मग दुसरं कुणाला पाठवणार?"

तुम्ही… ती पुन्हा ‘तुम्ही’ म्हणाली होती, हे त्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. आजीच्या मात्र आलं. ती बाकावर बसली, आणि ज्या हाताने तिने भरल्या माणसांत जावयाला मारलं होतं, त्या हाताकडे बघत राहिली.

"आईने काकांना शपथ घातली होती आजी, कुणाला सांगायचं नाही म्हणून," थोरली म्हणाली. "सगळा दोष यांनी अंगावर घेतला."

"का हो?" आजीचा आवाज चिरकला. "मला तरी सांगायचं होतंत, जावईबापू!"

"तुम्ही तिला बोल लावला असता," काका म्हणाले. "गेल्यावर तरी तिला कुणी बोलू नये, असं वाटलं. चुकलंच माझं. मुलींना फार भोगावं लागलं त्यापायी."

आजीने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. डॉक्टरीणबाई पेन मिटून म्हणाल्या, "मी थोड्या वेळाने येते. पण तुम्ही दोघींनी आणि काकांनी आमच्याकडच्या समुपदेशक ताईंशी बोलायला यायचंच, दर आठवड्याला. हे मी विचारत नाहीये, सांगतेय." थोरलीने मान हलवली. दार लोटून त्या बाहेर गेल्या.

मुंगी खाटेवर झोपली होती. बाहेर कुणीतरी ढकलगाडी खडखडत नेली. थोरलीने स्टूल ओढलं आणि ती काकांच्या शेजारी, प्लास्टरला धक्का लागणार नाही अशी, बसली.

"तुम्ही का नाही रडत काका?"

"सवड कुठे होती?" असं काहीतरी हसण्यावारी न्यायला काकांनी तोंड उघडलं खरं. इतके दिवस पत्र्यामागे धरलेल्या ठोकळ्यासारखा जो माणूस सगळ्यांचे घाव झेलत उभा होता, तो आता ओणवा झाला आणि सोळा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर कपाळ टेकून हुंदके देऊ लागला. थोरलीने आपल्या सोललेल्या हाताने त्यांची पाठ थोपटली. आधी अवघडून, मग हलके हलके. तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण येत होतं.

मग ती म्हणाली, "आजी, शेवटी काय झालं ते सांग ना. आम्ही दोघंही नव्हतो."

आम्ही दोघंही! काकांनी मान वर केली.

आजीने डोळे पुसले. तिने जावयाकडे बघितलं, मग नातीकडे, आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्या लेकीचा शेवटचा तास फक्त आपल्याजवळ आहे, आणि तो आपण इतके दिवस कुणालाच दिलेला नाही.

"फार त्रास नाही झाला तिला," आजी सांगू लागली. "सारखी विचारायची, पोचला का तो? भेटले का दोघं? तलावावरून यांचा फोन आला, मासोळी मिळाली, निघतोय म्हणून. मी तिच्या कानात सांगितलं, अगं, भेटले, निघाले दोघं. तर हसली. खरंच हसली गं! म्हणाली, मग ठीक आहे. खिडकी उघड म्हणाली… मी खिडकी उघडून वळले…"

थोरलीने एक हात पुढे करून आजीचा हात धरला. दुसऱ्या हाताने काकांची बाही घट्ट पकडलेली तिने सोडली नव्हती.

"सांग आजी," ती म्हणाली. "सगळं सांग. मी ऐकते आहे."